व्याजाशिवाय बँक चालते कशी? इस्लामिक बँकिंगचा कारभार, ग्राहकांचा अनुभव आणि आपल्याकडची स्थिती

'व्याज नाही, फक्त हलाल नफा' असे मेसेज मोबाईलवर अधूनमधून फिरत असतात. कुणी सोन्यात पैसे गुंतवायला सांगतं, कुणी धंद्यात भागीदारी देतो म्हणतं. दुसऱ्या बाजूला इस्लामिक बँक म्हणजे काहीतरी भलतंच, असाही समज आहे. खरं तर हा बँकिंगचा एक प्रकार आहे. तो गेली साठ वर्षं जगात चालू आहे आणि त्याच्यावर अभ्यासही भरपूर झाला आहे. या बँका कशा चालतात, लोक तिथे का जातात, कुठे फसगत झाली आणि भारतात याबद्दल कायदा काय म्हणतो, याची ही माहिती.

इस्लामिक बँकिंग म्हणजे काय?

इस्लाम धर्मात व्याज घेणं आणि देणं दोन्ही मना आहे. अरबी भाषेत त्याला 'रिबा' म्हणतात. पैसा उसना देऊन त्यावर नुसता पैसा वाढवायचा नाही. मात्र व्यापार, भागीदारी आणि भाडं यातून नफा कमवायला मुभा आहे. या नियमावर उभी राहिलेली बँक ती इस्लामिक बँक. दारू, जुगार अशा धंद्यांना ती पैसा देत नाही. बँकेचा प्रत्येक व्यवहार नियमात बसतो का, हे पाहायला धर्मशास्त्राच्या जाणकारांचं एक मंडळ असतं. त्याला शरिया मंडळ म्हणतात.

व्याज नाही, मग बँक कमावते कशी? मुख्य प्रकार असे आहेत.

मुराबहा (नफा लावून विक्री): समजा एकाला ८ लाखांचा ट्रॅक्टर घ्यायचा आहे. साधी बँक ८ लाख कर्ज देते आणि त्यावर व्याज लावते. इस्लामिक बँक तो ट्रॅक्टर आधी स्वतः विकत घेते आणि मग त्याला समजा साडेनऊ लाखांना हप्त्याने विकते. खरेदी किती आणि नफा किती, हे दोन्ही आधीच सांगावं लागतं. एकदा किंमत ठरली की ती वाढत नाही. हप्ता थकला म्हणून दंड लावला, तर तो बहुतेक ठिकाणी बँकेच्या नफ्यात न धरता दानधर्माला दिला जातो.

मुदारबा (एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत): गावात शेळ्या अर्धलीनं सांभाळायला देतात, जवळपास तसंच. नफ्याचा वाटा आधी ठरतो. तोटा झाला तर पैसे पैसेवाल्याचे जातात आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया जाते.

मुशारका (भागीदारी): दोघांनी पैसे घालायचे. नफा ठरल्याप्रमाणे आणि तोटा ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात.

इजारा (भाडेपट्टा): बँक गाडी किंवा मशीन घेते आणि भाड्याने देते.

सलम (पिकाची आगाऊ खरेदी): माल हातात यायच्या आधीच बँक शेतकऱ्याला पिकाचे पूर्ण पैसे देते. शेतकऱ्याने ठरलेल्या तारखेला ठरलेला माल द्यायचा.

कर्ज-ए-हसना: हे आपल्याकडचं हातउसनं. जेवढे घेतले तेवढेच परत द्यायचे.

ठेवीचंही असंच आहे. साध्या बँकेत मुदत ठेवीवर ठरलेलं व्याज मिळतं. इस्लामिक बँकेत गुंतवणूक खात्यावर आकडा आधी ठरत नाही, नफ्यातला वाटा ठरतो. नफा कमी झाला तर वाटाही कमी होतो.

सुरुवात झाली ती शेतकऱ्यांच्या गावातून

या बँकिंगची सुरुवात अरबांच्या तेलाच्या पैशातून झाली, असं अनेकांना वाटतं. पण पहिला गाजलेला प्रयोग इजिप्तमध्ये नाईल नदीच्या खोऱ्यात मित घम्र नावाच्या गावात झाला. साल १९६३. आजूबाजूचा सगळा भाग शेतकऱ्यांचा. लोकांचा बँकेवर भरवसा नव्हता. पैसे घरात ठेवायचे नाहीतर सोनं करायचं, अशी रीत.

अहमद अल-नज्जार हे अर्थतज्ज्ञ जर्मनीत शिकून आले होते. तिथल्या गावोगावच्या बचत बँका त्यांनी पाहिल्या होत्या. तसंच काहीतरी आपल्या शेतकऱ्यांसाठी करायचं, पण व्याज वगळून, असं त्यांनी ठरवलं. छोटी छोटी बचत घ्यायची आणि त्यातूनच गरजूंना छोटी कर्जं द्यायची. गुंतवणुकीचं खातं वेगळं आणि गोरगरिबांच्या मदतीचा निधी वेगळा.

पहिल्या वर्षी सुमारे साडेसतरा हजार ठेवीदार होते. १९६६-६७ पर्यंत हा आकडा अडीच लाखांच्या वर गेला आणि शाखा नऊ झाल्या. त्यानंतर राजकीय परिस्थिती बदलली, सरकारने त्या बँका ताब्यात घेतल्या आणि प्रयोग तिथेच थांबला. पण शेतकरी बचत करतो आणि जवळच्या, ओळखीच्या बँकेत पैसे ठेवतो, हे चार वर्षांत दिसून आलं.

त्याच काळात मलेशियातही एक काम उभं राहिलं. तिथले खेड्यातले लोक हज यात्रेसाठी जमीन आणि गुरं विकायचे. यात्रा करून परत आले की हातात काहीच नसायचं. उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञांनी १९५९ मध्ये सुचवलं की यात्रेसाठी थोडी थोडी बचत करणारी संस्था काढावी. त्यातून पुढे 'ताबुंग हाजी' ही संस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे.

मोठ्या बँका आल्या त्या नंतर. १९७५ मध्ये दुबई इस्लामिक बँक सुरू झाली आणि त्याच वर्षी जेद्दाहची इस्लामिक डेव्हलपमेंट बँक. १९८३ मध्ये मलेशियाने वेगळा कायदा करून 'बँक इस्लाम मलेशिया' सुरू केली. २००२ मध्ये पाकिस्तानात मीझान बँकेला परवाना मिळाला आणि २००४ मध्ये ब्रिटनमध्येही अशी बँक उघडली. आज जगभरात या क्षेत्राची एकूण मालमत्ता ३ लाख कोटी डॉलरच्या पुढे आहे. मलेशियात बँकांनी दिलेल्या एकूण कर्जातला ४० टक्क्यांहून जास्त वाटा इस्लामिक पद्धतीचा आहे.

कारभारात या बँका कशा ठरल्या?

या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक आणि विद्यापीठांच्या अभ्यासकांनी बरंच काम केलं आहे. त्यातले महत्त्वाचे निष्कर्ष असे.

लहान बँका भक्कम, मोठ्या थोड्या कच्च्या. नाणेनिधीच्या मार्टिन चिहाक आणि हायको हेसे यांनी २००८ मध्ये अभ्यास मांडला. लहान इस्लामिक बँका लहान साध्या बँकांपेक्षा भक्कम दिसल्या. मोठ्या बँकांत मात्र उलटं दिसलं, तिथे साध्या बँका वरचढ ठरल्या. बँक मोठी झाली की इतक्या वेगवेगळ्या भागीदाऱ्यांवर नजर ठेवणं अवघड जातं, हे त्यांनी दिलेलं एक कारण.

मंदीत पहिल्या वर्षी तग, दुसऱ्या वर्षी फटका. २००८ मध्ये जगभर मंदी आली. अमेरिकेतल्या घरकर्जांवर उभे केलेले गुंतागुंतीचे कागद अनेक बँकांकडे होते. इस्लामिक बँकांना नियमानेच त्यात पैसे घालता येत नव्हते, म्हणून सुरुवातीला त्या वाचल्या. नाणेनिधीच्या २०१० च्या अभ्यासात हे नोंदवलं आहे. पण २००९ मध्ये मंदी जमिनीच्या आणि बांधकामाच्या धंद्यात शिरली. तेव्हा काही देशांतल्या इस्लामिक बँकांचा नफा साध्या बँकांपेक्षा जास्त घसरला. जोखीम एकाच ठिकाणी साठली होती.

खर्च जास्त, भांडवल चांगलं. थॉर्स्टन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास या विषयात फार वाचला जातो. इस्लामिक बँकांचा कामकाजाचा खर्च थोडा जास्त आहे, पण त्यांच्याकडे भांडवल चांगलं आहे आणि बुडीत कर्जं कमी आहेत, असं त्यात दिसलं. एकूण धंद्याची पद्धत पाहिली तर दोन्ही बँकांत फार मोठा फरक नाही, असंही त्यांनी म्हटलं.

कर्ज बुडवणारे कमी. पाकिस्तानात २००६ ते २००८ या काळातल्या दीड लाखाहून जास्त कर्जांचा हिशेब तपासला गेला. इस्लामिक पद्धतीच्या कर्जात थकबाकीचं प्रमाण साध्या कर्जाच्या निम्म्याहूनही कमी निघालं. रमजानच्या महिन्यात तर थकबाकी आणखी कमी व्हायची. इथे श्रद्धेचा किंवा आसपासच्या समाजाचा काही परिणाम असावा, असं अभ्यासकांनी म्हटलं.

नाव भागीदारीचं, भाव बाजाराचा. मलेशियावरचा २००९ चा एक अभ्यास मात्र कान टोचणारा आहे. नफा-तोटा वाटून घेण्याच्या तत्त्वावर दिलेला पैसा तिथे अगदी नगण्य निघाला. ठेवींवर मिळणारा परतावाही साध्या बँकांच्या व्याजदराच्या मागोमाग वर-खाली होत होता. इतर देशांतही बहुतेक धंदा मुराबहाचा, म्हणजे हप्त्याने विक्रीचा आहे. 'व्याजाचं नाव बदलून नफा केलंय' अशी टीका होते ती यामुळेच. या पद्धतीचे काही मुस्लीम अर्थतज्ज्ञसुद्धा हाच आक्षेप घेतात.

ग्राहक जातो कशासाठी?

बँकेच्या नावात धर्म असला म्हणजे ग्राहक फक्त धर्मासाठी जातो, असं वाटणं साहजिक आहे. पण वेगवेगळ्या देशांत लोकांना विचारलं तेव्हा उत्तरं वेगवेगळी आली.

जॉर्डनमध्ये १९८९ च्या अभ्यासात धर्म हे मुख्य कारण म्हणून पुढे आलं नाही. परतावा किती आणि ओळखीचे लोक काय सांगतात, याला वजन होतं. बहरीनमध्ये १९९८ च्या पाहणीत चित्र वेगळं दिसलं. तिथे धर्माचं पालन पहिल्या नंबरवर आणि परतावा दुसऱ्या. बचत खात्याची माहिती तिथल्या लोकांना चांगली होती, पण मुराबहा, इजारा असे प्रकार अनेकांनी वापरलेच नव्हते.

मलेशियात १९९४ मध्ये मुस्लीम आणि बिगर-मुस्लीम अशा दोन्ही ग्राहकांना विचारलं गेलं. पटकन आणि नीट होणारं काम दोघांनाही महत्त्वाचं वाटत होतं. बँकेत माणसं कशी बोलतात, हेही वरच्या कारणांत होतं. तिथे आज कितीतरी बिगर-मुस्लीम ग्राहक इस्लामिक बँकेचं घरकर्ज घेतात, हिशेब पटला म्हणून.

सिंगापूरमध्ये १९९७ मध्ये एक कसोटीचा प्रश्न विचारला गेला. बँकेला एखाद्या वर्षी नफा झाला नाही आणि तुम्हाला काहीच वाटा मिळाला नाही, तर काय कराल? बहुतेक मुस्लीम लोकांनी ठेव तशीच ठेवू म्हणून सांगितलं. बिगर-मुस्लीम लोकांपैकी बहुतेकांनी पैसे काढून घेऊ असं सांगितलं. पण या बँकिंगमधल्या शब्दांचे अर्थ दोघांपैकी फार कमी लोकांना माहीत होते.

सगळ्या पाहण्या एकत्र ठेवल्या तर चार गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात: श्रद्धा, परतावा, सेवा आणि ओळखीच्या माणसांचा शब्द. कुठे एक पुढे, कुठे दुसरी. आणि एक उणीव सगळीकडे सारखी आहे. आपण ज्या कागदावर सही करतोय त्याचा अर्थ बऱ्याच ग्राहकांना नीट माहीत नसतो.

सुदानचा शेतकरी आणि 'सलम'

शेतीत ही पद्धत मोठ्या प्रमाणात वापरली ती सुदानने. तिथल्या बँका शेतकऱ्यांकडून पीक आगाऊ विकत घ्यायच्या. बियाणं आणि मजुरीला वेळेवर पैसा मिळायचा. पण महागाई वाढली की अडचण यायची. करार कमी भावाचा आणि कापणीच्या वेळी बाजारात भाव चढलेला. माल मात्र करारातल्याच भावाने द्यावा लागायचा.

यावर तिथे करारात एक अट घालण्यात आली. बाजारभाव करारातल्या भावापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त वर गेला किंवा खाली आला, तर ज्याचं नुकसान होतंय त्याला भरपाई द्यायची. भावाची जोखीम सगळी एकट्यावर पडू नये म्हणून ही तरतूद. व्याज नसलं तरी जोखीम असतेच. करारात ती कुणाच्या अंगावर टाकली आहे, ते पाहावं लागतं.

जिथे बुडालं तिथे काय झालं?

तुर्कस्तानात इहलास फायनान्स ही व्याजमुक्त तत्त्वावरची मोठी संस्था २००१ च्या आर्थिक संकटात बंद पडली. त्या वेळी अशा संस्थांमधल्या ठेवींना सरकारी हमी नव्हती. ठेवीदारांना पैशासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं. बांगलादेशात गेल्या काही वर्षांत अनेक शरिया बँका मोठ्या थकीत कर्जांमुळे अडचणीत आल्या आणि २०२५ मध्ये त्यातल्या पाच एकत्र करण्याचा निर्णय झाला. व्याज नसल्यामुळे या संस्था बुडल्या असं नाही. ठरावीक लोकांना वारेमाप कर्ज आणि देखरेख ढिली, हे कुठल्याही बँकेला बुडवतं. आपल्याकडच्या सहकारी बँका आणि पतसंस्थांचे ठेवीदार हे चांगलं जाणतात.

भारतात इस्लामिक बँक आहे का?

नाही. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली एकही इस्लामिक बँक भारतात नाही.

कारण कायद्यात आहे. बँकिंग नियमन कायदा १९४९ च्या कलम ८ प्रमाणे बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही. मुराबहा तर खरेदी-विक्रीच आहे. रिझर्व्ह बँकेच्या एका गटाने २००६ च्या सुमारास हा विषय तपासला आणि आहे त्या कायद्यात हे बसत नाही असं सांगितलं. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने मात्र व्याजमुक्त बँकिंगला वाट द्यावी अशी शिफारस केली. व्याजाच्या कारणाने जे लोक बँकेपासून लांब राहतात तेही जोडले जातील, असा त्यामागचा विचार. २०१५ मध्ये दीपक मोहंती समितीने साध्या बँकेतच व्याजमुक्त खिडकी उघडण्याचं सुचवलं. अखेर २०१७ मध्ये माहिती अधिकारातल्या अर्जाला उत्तर देताना रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही. सर्व नागरिकांना बँकिंगच्या व्यापक आणि समान संधी आहेतच, हे कारण दिलं.

मग आपल्याकडे 'बिनव्याजी' म्हणून जे ऐकू येतं ते काय? त्याचे प्रकार वेगवेगळे आहेत.

पीककर्ज: डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला शून्य टक्के पडतं. पण बँक तिथे व्याज लावतेच, ते सरकार भरतं. तारीख चुकली की सवलत जाते. याचा इस्लामिक बँकिंगशी संबंध नाही.

व्याजमुक्त पतसंस्था आणि निधी: उत्तर प्रदेशात देवबंदचा मुस्लीम फंड १९६१ पासून आहे. सोनं तारण ठेवून बिनव्याजी रक्कम देण्याची तिथली पद्धत. सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेनेही २०१६ मध्ये बिनव्याजी कर्जाचा उपक्रम सुरू केला होता.

शरिया निकषांचे म्युच्युअल फंड: असे काही फंड सेबीच्या नोंदणीने चालतात. पण ते शेअर बाजारात पैसे लावतात, त्यामुळे रक्कम कमी-जास्त होते.

हलाल नफ्याचं आमिष दाखवणाऱ्या कंपन्या: धोका इथे आहे. बंगळुरूच्या आयएमए या कंपनीने हलाल गुंतवणुकीच्या नावाखाली महिन्याला अडीच-तीन टक्के देऊ म्हणून पैसे गोळा केले. २०१९ मध्ये ती कोसळली. हजारो कुटुंबांचे मिळून सुमारे ४ हजार कोटी रुपये अडकले आणि तपास सीबीआयकडे गेला. अडकलेल्यांत लग्नासाठी, घरासाठी आणि हजसाठी साठवलेला पैसा होता. यातले बरेच लोक असे, की ज्यांनी व्याज नको म्हणून बँकेत पैसे ठेवले नव्हते.

पैसे देण्याआधी हे तपासा

१. परवाना कुणाचा? बँक असेल तर रिझर्व्ह बँकेचा, पतसंस्था असेल तर सहकार खात्याची नोंदणी, फंड असेल तर सेबीची. नुसतं कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र म्हणजे ठेवी घेण्याचा परवाना नव्हे.

२. विमा आहे का? बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे. सहकारी बँकेलाही तो लागू आहे, पतसंस्थेला नाही.

३. नफा ठरलेला आहे का? इस्लामिक पद्धतीत गुंतवणुकीवर ठरावीक परताव्याची हमी देताच येत नाही. त्यामुळे 'हलाल' आणि 'दर महिन्याला इतके टक्के पक्के' हे दोन शब्द एकत्र दिसले तर तिथेच थांबा.

४. धंदा कुठला? पैसा कशात लावणार, हिशेब कोण तपासणार आणि तोटा झाला तर कुणाचा, हे लेखी घ्या.

५. कोण सांगतंय? धर्मगुरू, शिक्षक, नातेवाईक अशा विश्वासाच्या माणसांना पुढे करून पैसे गोळा केले जातात. त्यांचा हेतू चांगला असू शकतो, पण त्यांनी तरी कागद पाहिलाय का, हे विचारा.

६. शंका आली तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर तक्रार करता येते. बेकायदा ठेवी घेण्यावर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा कायदा आहे आणि महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदाही आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.

व्याज घ्यायचं नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. साध्या बँकेत चालू खातं उघडलं तर त्यावर व्याज मिळतच नाही आणि पैसाही सुरक्षित राहतो. बचत खात्यावर आलेलं व्याज वेगळं काढून गरजूला देणारेही अनेक जण आहेत. श्रद्धा सांभाळून पैसा सांभाळायचे असे साधे मार्ग आपल्या तालुक्याच्या बँकेतच आहेत.